ठमाबाईच्या पोराचं गिऱ्हाईक

सिंदेवाहीच्या त्या वॉर्डात अश्वजितच्या नावाचं एक खातं उघडलेलं होतं आणि ते त्याला सोडून सगळ्यांना पाठ होतं. जमेच्या बाजूला इंजिनिअरिंगची डिग्री. नावेच्या बाजूला बाकी सगळं: घरी बसतो, केस कापत नाही आणि मागच्या खोलीचं दार लावून रंगीत काचेसारखं काहीतरी बनवतो. काय बनवतो, यावर मात्र एकमत नव्हतं. समोरचे रामाजी म्हणायचे, या दातांवर बसवायच्या टोप्या आहेत. खालून पोकळ, आत अधिकच्या चिन्हासारखी खाच, म्हणजे दाढेत अडकवायची सोय. शेजारणीच्या मते ब्लाउजची बटणं. रामाजींची एक दाढ हलत होती, त्यामुळे ते भावही विचारून गेले.

होत्या त्या कीबोर्डच्या टोप्या. जगात अशी बरीच माणसं आहेत ज्यांना कंपनीने दिलेला कीबोर्ड पुरत नाही. ती त्याच्या एखाद्या बटणावरची टोपी उपटतात आणि तिथे कुणीतरी हाताने घडवलेली टोपी बसवतात. बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या एस्केपवर, कारण ते बटण दाबायचं कमी आणि पाहायचं जास्त. अश्वजित आधी मातीत नमुना कोरायचा, त्यावरून रबरी साचा काढायचा, साच्यात रेझिन, म्हणजे वाळून काचेसारखा होणारा चीक, ओतायचा आणि आत बुडबुडे राहू नयेत म्हणून रंगाच्या फवाऱ्याच्या जुन्या टाकीत साचा कोंबून हवेचा दाब द्यायचा. टोपीत कधी सागाचं पान असायचं, कधी पळसाची कळी, कधी रानगव्याची पाठ. वाघ त्याने मुद्दाम केला नव्हता. "वाघाच्या नावावर पोट भरणारे इथी लय झाले," तो म्हणायचा.

माल जात होता. कुरिअरवाला दिनेश त्याचा साक्षीदार होता. पण दिनेशच्या साक्षीला ठमाबाईच्या कोर्टात किंमत नव्हती.

ठमाबाई अश्वजितची आई. आठवडी बाजारात भाजीचं दुकान लावण्यात तिची अर्धी हयात गेली होती. कोणाला कोवळी भेंडी लागते, कोण सांभार म्हणजे कोथिंबीर फुकट मागतो आणि कोण भेदरं, म्हणजे टमाटे, दाबून दाबून नासवतो, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. धंदा म्हणजे चेहरे, एवढं साधं तिचं गणित. आणि पोराच्या धंद्यात एकही चेहरा नव्हता.

"गिऱ्हाईक कुठी आहे तुह्यं?"

"आहेत ना आई. पुण्याले आहे, हैदराबादले आहे, गुवाहाटीले आहे."

"नाव काय त्याचं, पुण्यावाल्याचं?"

अश्वजितने मोबाईलमध्ये पाहिलं. "स्लीपी पांडा."

"आडनाव?"

अश्वजितने मोबाईल खिशात टाकला.

तिचा धाकटा भाऊ गुलाब गडचांदूरला सिमेंट कंपनीत सुपरवायझर होता. त्याने भाच्यासाठी एक जागा अडवून धरली होती आणि ती अडवून धरल्याचं तो दर फोनला सांगायचा. तो तीन आठवड्यांनी, रविवारी, उत्तर न्यायला येणार होता. ठमाबाईने निकाल आधीच लिहून ठेवला. "गुलाब येईपर्यंत एक गिऱ्हाईक आणून दाखव. जितं-जागतं. माह्या हातचा चहा पिणारं. नाई तं सोमवारी डोक्यावर हेल्मेट आन् गडचांदूर."

गडचांदूरमध्ये वाईट काही नव्हतं. पगार होता, क्वार्टर होतं, मामा होता. फक्त दिवसभर चुनखडीच्या गाड्या मोजून आलेल्या हाताला पळसाची कळी कोरायचं मन उरत नाही, हे अश्वजितला ठाऊक होतं. कॉलेज संपल्यावर एकदा तशी नोकरी करून त्याने पाहिली होती. पण गिऱ्हाईकाला तरी काय सांगायचं? माझ्या आईला तोंड दाखवून जा, असं?

त्यातल्या त्यात आशा होती नागपूरच्या रिना पुंगाटीची. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती, पण गाव भामरागडच्या पुढचं. तिला तीन टोप्या हव्या होत्या: मोहाची कळी, उमललेलं फूल आणि जमिनीवर पडलेलं फूल. अट एकच, असा दुसरा संच जगात नको. अश्वजितने मन लावून तीन टोप्या केल्या, फोटो पाठवले, तिने "हेच" एवढंच लिहिलं, आणि शब्दाला जागून त्याने तिन्ही साचे ब्लेडने कापून टाकले. या बाईला चहाला बोलावता येईल, असं त्याला वाटू लागलं होतं.

मग रेझिन संपलं आणि तो चंद्रपूरला गेला. जाताना आईला सांगून गेला, "टेबलावर तीन डब्या आहेत. पत्ते लावून ठेवले आहेत. नुसतं खोक्यात टाक, चिकटपट्टी लाव आन् दिनेशले दे."

ठमाबाईने डब्या उघडून पाहिल्या. पाहिल्याशिवाय माल पाठवणं तिच्या हातून झालं नसतं. प्रत्येक डबीत एक टोपी, मऊ कागदात. एक सांगितली तर एकच. तिला लाज वाटली. सांभाराच्या जुडीवर चार काड्या, वांग्यांवर दोन मिरच्या, असं वरून घातल्याशिवाय तिने आजवर कुणाची पिशवी भरली नव्हती. मोजून तेवढंच द्यायचं म्हणजे गिऱ्हाईकाला पुन्हा येऊ नको असं सांगायचं. या पोराला डिग्री मिळाली, पण हे कोणी शिकवलं नाही. शेजारीच ट्रेमध्ये तीन टोप्या मोकळ्या पडल्या होत्या. खोकी तीन, टोप्या तीन. एवढा सोयीचा हिशेब तिला बाजारातही कधी लागला नव्हता.

संध्याकाळी अश्वजित रिकाम्या ट्रेसमोर उभा राहिला.

"आई, इथली मोहाची फुलं?"

"वरून देली."

"वरून म्हणजे?"

"म्हणजे वरून. एका-एकाले एक-एक. नाई तं तू तं असा कंजूस, लोक काय म्हणतीन."

तो दिनेशकडे पळाला. दिनेश शटर ओढत होता. "गाडी गेली ना बे. आता तुही फुलं नागभीड पार करून राह्यली असतीन."

अश्वजितने तिन्ही गिऱ्हाइकांना लिहिलं की चुकून एक जास्तीची टोपी आली असेल, कृपया परत पाठवा, खर्च माझा. आठवड्यात उत्तरं आली. पुण्याचा स्लीपी पांडा म्हणाला, लावली, आता निघत नाही. हैदराबादवाल्याने लिहिलं की तुम्ही चुकून पाठवली असेल, मी चुकून घेतलेली नाही. गुवाहाटीच्या मुलीने नुसता फोटो टाकला, चारचौघांत, इंटरनेटवर या टोप्यांच्या सगळ्या शौकिनांच्या घोळक्यात. खाली प्रश्न: हे नक्की काय आहे?

आता रिनाला सांगणं भाग होतं. त्याने फोन केला. आईने पोरगा घडवायचा आणि पोराने आईला दोष द्यायचा, हा व्यवहार त्याला जमला नाही, म्हणून आधी त्याने कुरिअर, मग उंदीर असं दोन-तीन रस्त्यांनी जाऊन पाहिलं आणि शेवटी खरं सांगितलं. पैसे परत करतो म्हणाला.

मग रिना म्हणाली, "पैसे राहू द्या. रविवारी मी गावाला निघाले आहे. नागभीडला उतरून तुमच्याकडे येते. तुमच्या आईशीच बोलायचं आहे."

म्हणजे गिऱ्हाईक येणार होतं. जितं-जागतं. फक्त भांडायला.

रविवारी गुलाबमामा आधी आला. "जय भीम, बाई," म्हणत खुर्चीत बसला आणि भाच्याकडे पाहून म्हणाला, "हातमोज्याचा नंबर सांग रे, उद्या स्टोअरमधून काढून ठेवतो." अश्वजित खिडकीत उभा. इतक्यात फाटक वाजलं. खांद्यावर बॅग अडकवलेली एक मुलगी आत आली, "जोहार" म्हणाली आणि बसली नाही.

"माझी फुलं कोणी वाटली?"

"मी वाटली," ठमाबाई म्हणाली. "पाणी घे."

"पाणी नंतर, मावशी. विचारायचं तरी ना."

"कोणाले विचारू? घरी कोणी नोतं. आन् विचारून देलं तं ते वरून कसं होईन?"

"वरून आपल्या टोपलीतलं देतात. दुसऱ्याच्या टोपलीतलं नाही."

ठमाबाईला हा मार बरोबर बसला होता. शेजारच्या दुकानातली मिरची उचलून आपल्या गिऱ्हाईकाला घालणाऱ्या बाया बाजारात होत्या, आणि त्यांच्याविषयी ठमाबाईचं मत चांगलं नव्हतं.

"हे तुह्यं बरोबर आहे," ती म्हणाली. "मले वाटलं घरचा माल आहे. चुकलं माह्यं. आता बस."

रिना बसली, पण बॅग मांडीवरच ठेवली. "चुकलं म्हणून काय होते? मला एकटीला पाहिजे होतं. दुसरं कोणाकडे नसलेलं."

"मोहाचं?" ठमाबाईने तिला नीट पाहिलं. "तू कुठची वो?"

"भामरागडच्या पुढची."

"मंग तुले मी सांगू का? झाडाखाली पहाटे जाते माणूस, आन् एक फूल घेऊन घरी येते, असं पाह्यलं का कधी? टोपल्या भरते. आन् तू म्हणते एकटीले."

रिनाची आई सुकरी त्याच दिवशी पहाटे झाडाखाली टोपली घेऊन बसली असणार, आणि तिने वेचलेल्यातलं अर्धं शेजारणीच्या सुपात टाकलंही असणार. रिना ओठ दाबून हसू आवरत होती, हे गुलाबमामाला सोडून सगळ्यांना दिसलं.

"आणि तुम्हाला काय माहीत माझ्या मागं काय लागलं ते," ती आवाज चढवून म्हणाली, कारण हसू लपवायला तोच रस्ता उरला होता. "त्या गुवाहाटीवालीनं फोटो टाकला. लोक विचारतात हे काय आहे. एक म्हणतो बल्ब आहे. एक म्हणतो लसूण."

"लसूण?" ठमाबाई म्हणाली.

"लसूण. दोन दिवस ऑफिसचं काम सोडून मी उत्तरं देत बसले. मोह म्हणजे काय, कधी पडते, कसं वाळवतात, भाकरीत कसं घालतात. शंभर लोक विचारून राह्यले."

"ज्यानं लसूण म्हणलं त्याले काय सांगतलं?"

"सांगितलं, की बाबा, तू लसूणच खा."

"बरं केलं," ठमाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. उठता उठता दारातूनच तिने सौदा सुरू केला. नवीन संच मिळेल. रिना म्हणाली, नुसता नवीन नको, त्यात मोहाचं फळपण पाहिजे, जे त्या तिघांकडे नाही. मंजूर. आणि पुढे मोहाची टोपी ज्याला जाईल त्याच्या डबीत एक चिठ्ठी पाहिजे, हे कोणतं फूल आहे सांगणारी, ती मी लिहून देईन. मंजूर. आणि आधी दिलेल्या पैशांत हे सगळं बसवायचं. नामंजूर. फळाचं वेगळं लागेल. मग वेगळं किती? तिथे दोघी अशा काही भिडल्या की चहा उतू गेला. अश्वजितला स्वतःच्या मालाचा भाव दोन बायकांच्या तोंडून वरखाली होताना ऐकू येत होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

गुलाबमामाने मान हलवली. "पाहा बाई. हे असं आहे या धंद्यात. गिऱ्हाईक घरी येऊन भांडते. कंपनीत हे नाई. महिना झाला की पगार."

ठमाबाईने गाळणी खाली ठेवली.

"गुलाब, तुह्याशी गडचांदुरात कोणी भांडते का?"

"माह्याशी कशाले भांडन? मी सुपरवायझर."

"मंग तुले काय समजते? ज्याले माल नको ते भांडत नाई, चाललं जाते. ही नागपुरावरून बस बदलून आली. तीन टोप्यांसाठी." तिने कप रिनाच्या हातात दिला आणि तो तोंडाला लागेपर्यंत पाहत राहिली. रिनाने घोट घेतला. "साखर कमी आहे, मावशी."

ठमाबाईचा चेहरा उजळला. असं बोलणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, हे तिला बाजाराने शिकवलं होतं.

"ती जागा दुसऱ्या कोणाले देऊन टाक," ती भावाला म्हणाली. "याले कुठी वेळ आहे. फळ करायचं आहे, चिठ्ठ्या छापायच्या आहेत. आन् सोमवारपासून माल मी भरीन. सांगून भरीन."

अश्वजितने सोडलेला श्वास मागच्या खोलीपर्यंत ऐकू गेला. मामाने हातमोज्याचा नंबर पुन्हा विचारला नाही, बशीत चहा ओतून एवढंच म्हणाला, "त्या टोप्यांत सिमेंटची गाडी होते का रे? साहेबाच्या टेबलासाठी."

रिनाची गडचिरोलीची बस चारला होती. बसस्टँड घरापासून सरळ पुढे. अश्वजित बॅग उचलून सरळ निघाला, तर ठमाबाईने रिनाचा हात धरून डावीकडे वळवलं, म्हणजे वॉर्डाच्या आतून. पहिल्या ओट्यावर निवडायला मेथी घेऊन बायका बसल्या होत्या. "हे आमच्या अश्वजितचं गिऱ्हाईक," ठमाबाई म्हणाली. "नागपुरावरून आलं." बायकांनी गिऱ्हाईकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोप्या दाबणारी बोटं दाखवायला लावली, गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं. दुसऱ्या घरी पाणी प्यावं लागलं. तिसऱ्या घरी चहा. चौथ्या घरच्या म्हाताऱ्याने टोपी कशी असते ते पाहायला मागितलं, तर अश्वजितला बॅग ठेवून घरी पळावं लागलं.

"मावशी, बस," रिना म्हणाली.

"जाते कुठी. कंडक्टर माह्याकडची भाजी नेते."

बस खरंच उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि कंडक्टर त्याला थांबवत होता. ठमाबाई पायरीवर हात ठेवून, आतल्या सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात, पाचव्यांदा तेच सांगत होती. रिना खिडकीशी बसली. शेजारच्या बाईने तिला विचारलं, "कशाचं गिऱ्हाईक वो?" आणि बस मूलच्या रस्त्याला लागली तेव्हा रिना मोबाईल काढून तिला मोहाच्या फुलाचे फोटो दाखवत होती.