डनवुडी पाद्रींचा उजवा हात

"पाद्रीबाबा, हात खाली!" मी मागच्या बाकावरून ओरडलो, पण उशीर झाला होता.

अँगस डनवुडींचे डोळे मिटले, उजवा हात वर गेला आणि तोंडातून निघालंच, "प्रभू तुम्हांला सुखरूप घरी नेवो. आमेन."

अठरा वर्षं दर रविवारी प्रवचन संपलं की ते हेच म्हणत, आणि लोक उठून घरी जात. त्या दिवशीही गेले.

पण ते प्रवचन नव्हतं हो! कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आमच्या शेतकरी पक्षाचा प्रांतिक पुढारी निवडायचा होता. गावात दुसरी मोठी जागा नाही म्हणून सभा चर्चमध्ये. उभे होते दोघं, आमचे पाद्रीबाबा आणि हॉलिंगर वकील. पाद्रीबाबांनी एका हिवाळ्यात गावातली तीन लेकरं पुरली होती, डॉक्टर चाळीस मैलांवर म्हणून. गावोगाव दवाखाना हवा, यावर ते असे बोलले की विझलेली शेगडी आपोआप पेटली. मी तिथला घंटावाला. खोटं कशाला सांगू?

मतदान मात्र भाषणानंतर होतं. आणि परगावचेसुद्धा उठले! आमेन झालं की निघायचं, हे आमच्या प्रांतात वासरांनाही कळतं. बसून राहिले ते हॉलिंगर वकील आणि त्यांची अकरा माणसं. त्यांना चर्चची सवयच नव्हती.

"हजर असतील त्यांचंच मतदान," वकील मिश्या पुसत म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

बाहेर घोडे बर्फगाड्यांना जुंपले जात होते.

"बोलवा ना त्यांना परत!" मी म्हणालो.

पाद्रीबाबांचा चेहरा पडला. "दिलेला आशीर्वाद मागे कसा घेऊ, निल्स?"

"तुम्ही नका घेऊ!" त्यांची बायको मॉड कडाडली. "निल्स, मेल्या, बघतोस काय? घंटा वाजव!"

मी दोराला असा लोंबकळलो, की सतरा मैलांवर एका गाईनं गुडघे टेकले. घंटा झाली की आत यायचं, हीही सवयच. बर्फगाड्या वळल्या. लोक आले, आपापल्या जागी बसले, दोघांनी तर प्रार्थनेची पुस्तकंही उघडली.

हात वर झाले. दोनशे सहा विरुद्ध बारा. दोनशे सहात वकिलांची बायकोही.

"बर्निस, तूसुद्धा?"

"घरी रोज तुमचंच ऐकते की!"

मग तळघरात बायकांनी भाजून आणलेले सगळे अ‍ॅपल-पाय संपले. एकट्या वकिलांनी तीन खाल्ले.

आता पुढारी म्हटल्यावर चर्च सोडणं आलं. पुढच्या रविवारी नवा तरुण पाद्री उभा राहिला. डनवुडी शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी. प्रवचन बरं झालं. नव्यानं हात वर केला, "आमेन" म्हणाला.

कोणी हलेना. सगळ्या माना मागे वळल्या.

डनवुडींनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मग उठले, टोपी काखोटीला मारली आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत दार उघडं धरून उभे राहिले.