धूर निघाला नाही

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. भाजी वाहणारी छोटी नव्हे, अवजड माल ओढणारी, मागे जोडचाकं असलेली. सिमेंट आणि फरशीच्या एका वखारीत माझं आयुष्य गेलं. येता-जाता तुम्ही माझ्या धुळीवर बोटांनी चित्रं काढता, त्याचा मला राग येत नाही. राग यावा अशी माणसं मी वेगळी पाहिली आहेत.

कारखान्यात मला घडवलं ते ओझ्यासाठीच. जाड लोखंडाचा सांगाडा, पुढे भलंमोठं डिझेल इंजिन. छोट्या गाडीला एकदम जोर दिला की तिची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, रबर जळतं, धूर निघतो आणि बघे टाळ्या वाजवतात. माझं तसं होत नाही. कोरड्या काँक्रीटवर माझं वजनच टायरांना दाबून धरतं आणि रबर जमिनीचा खरखरीतपणा घट्ट पकडतं. माझं इंजिन ताकदीचं असलं तरी तापट नाही, ते सावकाश जोर धरतं. शिवाय आत एक इलेक्ट्रॉनिक डबी बसवलेली आहे. पहिल्या गिअरमध्ये सगळी ताकद एकदम सुटू लागली किंवा चाक घसरू लागलं, तर ती इंजिनाला आवरते. नाहीतर माझा आसच मोडायचा. मी घसरू नये म्हणूनच मला असं बनवलं आहे.

मला चालवायचे मामा. वखारीत सगळे त्यांना मामाच म्हणत, मालकसुद्धा. रोज सकाळी ते टायरांची हवा बघत, खाचांत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने काढत. चढावर पोत्यांनी भरलेली मी न घसरता वर आले की माझ्या डॅशबोर्डवर थाप मारून म्हणत, "शाब्बास बाई." मामा आणि मामी फाटकाला लागून असलेल्या खोलीत राहत. ती खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे दोघांना ठाऊक होतं.

मग मालकांचा मेहुणा आला. त्याला कामधंदा नव्हता आणि मालकीणबाईंनी भावासाठी नवऱ्यामागे भुणभुण लावली होती. मामांची जागा त्याला द्यायची हे घरात ठरलं होतं. पण इतक्या वर्षांच्या माणसाला हमालांसमोर कोणत्या तोंडाने काढायचं, एवढंच अडलं होतं. ते मेहुण्यानेच सोडवलं.

एका दुपारी त्याने आपली छोटी गाडी वखारीच्या अंगणात आणली आणि चाकं फिरवून ढगासारखा धूर काढला. मग माझ्या टायरला लाथ मारली.

"दाजी, तुमची ही म्हैस काढते का असा धूर?"

"म्हशीला विचारून काय होणार," मालक म्हणाले, "म्हशीवाल्याला विचारू. काय मामा, काढता? धूर निघाला तर तुम्ही राहा. नाही निघाला तर संध्याकाळी किल्ली टेबलावर ठेवा."

हमाल हसले. मामांना वाटलं, चेष्टा असेल. त्यांनी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ही चेष्टा नाही.

"मालक, या गाडीचं ते काम नाही. वजनदार आहे, ती पकड सोडत नाही."

"मग वजन कमी करा की."

भर उन्हात मामांनी माझ्यातली सगळी पोती एकट्याने उतरवली. मालकांनी हमालांना हात लावू दिला नाही. मग मामा बसले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर तळाशी दाबला. मी गुरगुरले आणि सरळ पुढे निघाले, अंगण संपेपर्यंत. काळी रेघसुद्धा उमटली नाही. लोक पोट धरधरून हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मी हलकी असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मेहुण्याला धूरच हवा होता. त्याने आतून साखळी आणली, एक टोक माझ्या मागच्या हुकाला आणि दुसरं फाटकाच्या लोखंडी खांबाला अडकवलं. गाडी पुढे जाऊच शकली नाही की चाकं झक मारत फिरतील, असा त्याचा हिशेब. साखळी त्याने सैल ठेवली, म्हणजे झटका चांगला बसेल.

"मालक, खांबाला नको," मामा म्हणाले.

"तुम्ही गाडी चालवा मामा, अक्कल चालवू नका," मालक म्हणाले.

मामांनी एकदा खोलीकडे पाहिलं. दारात मामी उभी होती, हात पिठाचे. मामांनी गिअर टाकला.

मी धावले. साखळी ताणली गेली आणि झटका बसला. माझी चाकं घसरली नाहीत. खांबही हलला नाही. मग तुटायचं कोणी? साखळी तुटली, आणि तिचं टोक माझी मागची काच फोडून आत आलं. मामांचा उजवा खांदा चिरडला गेला. मी ओरडू शकत नाही, म्हणून माझा हॉर्न वाजत राहिला. मामा त्याच्यावर कोसळले होते.

मामांना बाहेर काढलं, तेव्हा मालकांनी आत हात घालून आधी किल्ली काढून घेतली.

"अट ती अट," ते म्हणाले. "धूर काही निघाला नाही."

आठवडाभरात मामीने बिछाने डोक्यावर घेऊन खोली रिकामी केली. मामांचा हात पुन्हा वर झाला नाही.

मेहुण्याने मला चालवलं, पण निगा राखली नाही. डबीचा दिवा लागला, तर त्याने तिची तारच उपटली. टायर तेच राहिले. त्यांचं रबर उन्हात वाळून दगडासारखं कडक झालं, आणि कडक रबराला पकड राहत नाही. परवा त्याने गंमत म्हणून मला रिकामी दामटली. माझी चाकं जागच्या जागी फिरली. कोरड्या काँक्रीटवर, सगळ्यांसमोर, मी धूर काढला. टाळ्या पडल्या.

तेव्हा फाटकाशी मामा उभे होते. मामी आता त्याच वखारीत झाडलोट करते आणि ते डाव्या हातात तिचा डबा घेऊन येतात. त्यांनी धुराकडे पाहिलं.

"आता निघतो होय," एवढंच म्हणाले.

"मामी," मालकांनी आतून हाक मारली, "ते काळे पट्टे घासून काढा."

मामी गुडघ्यांवर बसून घासू लागली.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीची निगा राखा. टायरांत हवा भरा, खाचांतले खडे काढा, कडक झालेलं रबर वेळेवर बदला. मामा हे सगळं करत होते तोवर मी एकदाही घसरले नाही. आणि कुणी आपली पकड सोडत नाही म्हणून त्याला हसावंसं वाटलं, तर आधी बघा, त्याच्या भरवशावर आत कोण बसलं आहे.