पहिल्यावर पळ!

कॅचरने चेंडू परत फेकला, तेव्हा आमचा पिचर विमान बघत होता.

मी खोटं सांगत नाही. आभाळात एक विमान चाललं होतं आणि ट्रेव्हर हॅस्लम, आमच्या गावच्या बेसबॉल टीमकडून चेंडू टाकायचा महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा धडधाकट माणूस, मान वर करून ते बघत होता. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला आणि पार मागे गवतात घरंगळला. दुसऱ्या बेसवर उभा असलेला पाहुण्यांचा गडी हसत हसत तिसऱ्यावर जाऊन उभा राहिला. त्याला पळावंही लागलं नाही.

"ए हॅस्लम!" माझ्या मागच्या रांगेतून मेल कुहार्स्की ओरडला. "डोकं घरी विसरलास का रे? आईला फोन कर, डब्यात घालून पाठवेल!"

आमचा सगळा कोपरा हसला. मी हसले नाही. मला त्या पोराची शिसारी आली होती. हरणाऱ्या पिचरचं मला काही वाटत नाही. ज्याच्या हातात जोर नाही तो मार खाणारच, त्याला मी टाळ्यासुद्धा वाजवते. पण याच्या हातात जोर होता. पहिले तीन डाव असा टाकायचा की बॅटर नुसते वारा घालत बसायचे. मग मध्येच कुठेतरी याचं लक्ष उडायचं आणि तोंड उघडं टाकून हा उभा राहायचा. या मोसमात तिसऱ्या बेसवरच्या माणसाला विसरला, कॅचरचा इशारा न बघताच टाकून मोकळा झाला, एकदा तर तीनाऐवजी दोनच गडी बाद झालेले असताना डाव संपला म्हणून तंबूकडे चालायला लागला.

"काय झालं?" लेनने मला विचारलं.

"विमान बघत होता."

"कोण?"

"पिचर."

लेन माझा नवरा. त्याने मान हलवली आणि शेंगांच्या पुड्यात हात घातला. टरफलं तो नेहमी पायाखाली टाकायचा. आज खिशात भरत होता.

पहिल्या बेसच्या मागची ही दोन बाकडी आमची लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची. तेव्हा गावात पोलादाचा कारखाना चालू होता आणि लेन वरच्या क्रेनवर होता. वितळलेल्या पोलादाची घराएवढी बादली डोक्यावरून न्यायची आणि खाली माणसं काम करत असायची. पाळी संपेपर्यंत तो कुणाशी बोलायचा नाही, शिंक आली तरी दाबून धरायचा. घरी आला की अर्धा तास नुसता खुर्चीत बसून राहायचा, मग जेवायचा. चुकार पिचरचा त्याला जो तिटकारा होता तो तिथूनच आलेला. "मी जर असा घुटमळलो असतो ना जेनी," तो म्हणायचा, "तर खाली चार बायका विधवा झाल्या असत्या. आणि याला फक्त एक चेंडू सांभाळायचाय."

त्याची एक आरोळी होती. चेंडू उजवीकडे आला की पहिल्या बेसवरचा गडी तो उचलायला जागा सोडून धावतो आणि बेस ओस पडतो. तिथे पिचरने पळत जायचं, चेंडू घ्यायचा आणि बॅटर पोचायच्या आत बेसवर पाय ठेवायचा, की बॅटर बाद. शाळेतल्या पोरांनाही हे येतं. पण चुकार पिचर आपल्या जागी उभा राहून गंमत बघतो. म्हणून बॅटचा टणत्कार झाला रे झाला की लेन उठून ओरडायचा, "पहिल्यावर पळ, आळश्या, पहिल्यावर!" चेंडू उजवीकडे चाललाय हे आम्हाला त्याच्या आवाजावरून कळायचं. कितीतरी पिचर आले, गेले, काही मोठ्या टीममध्ये पोचले. सगळे त्या आवाजावर पळाले.

मागच्या हिवाळ्यात लेन चर्चच्या बाहेर परक्याच्या गाडीत जाऊन बसला आणि उतरेना. त्याच्या आधीही बरंच काही झालं होतं, पण मी ते झाकलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांचा फारसा उपयोग नाही हेही सांगितलं.

"आई, आता पप्पांना मॅचला नेऊ नकोस," आमची पॅट्रिस म्हणाली. "लोक हसतील. त्या मेलचं तोंड तुला माहीत आहे."

"तो वेळेवर ओरडतोय ना? तोवर नेणार."

"आणि नाही ओरडला तर?"

"तर नाही नेणार," मी म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले, पण शब्द दिला तो दिलाच.

म्हणून मला हॅस्लमचा इतका संताप यायचा. माझ्या शेजारी एक माणूस बसलाय, ज्याने आयुष्यभर लक्ष जिवापाड जपलं आणि आता ते मुठीतल्या वाळूसारखं चाललंय. आणि समोर हा गाढव. याच्याजवळ अख्खं डोकं आहे, नवंकोरं, आणि हा ते विमानांवर उधळतोय!

पाचव्या डावात त्यांच्या बॅटरने चेंडू डावीकडे मारला. उंच, सरळ डावीकडे. लेन ताडकन उठला.

"पहिल्यावर पळ, आळश्या, पहिल्यावर!"

हॅस्लम दचकला आणि खरंच दोन पावलं पहिल्याकडे पळाला. मग थांबला, आमच्याकडे बघितलं आणि हात पसरले. तोवर डावीकडच्या आमच्या गड्याने चेंडू झेलला होता. सगळा कोपरा खो खो हसत सुटला.

"काय रे लेन!" मेल म्हणाला. "तू पण विमान बघत होतास की काय? अरे, दोघांना मिळून एकच डोकं देऊन टाका कुणीतरी!"

"ऊन लागलंय त्याला," मी म्हणाले. "तू गप बस, मेल."

"अगं, गंमत केली जेनी."

लेन बसला. लोक का हसले ते त्याला कळलं नव्हतं, पण आपल्याला हसले एवढं कळलं होतं. त्याने टोपी खाली ओढली. ज्या माणसाकडे वळून लोक विचारायचे, लेन, तो खरंच बाद होता का रे, त्याला आज हसले होते. मेलच्या दोन कानफटात द्याव्यात असं मला वाटलं. घरी घेऊन जावं असंही वाटलं. पण उठले असते तर पुन्हा कधी आलो नसतो, हे मला ठाऊक होतं. मी बसून राहिले.

सातवा डाव आला तरी लेनने टोपी वर केली नाही. आम्ही कशाबशा एका रनने पुढे होतो. हॅस्लम पुन्हा घोळ घालायला लागला. दोन बॅटर त्याने चेंडू इकडेतिकडे टाकून फुकट बेसवर पाठवले आणि स्वतः बुटाची नाडी बघत उभा राहिला. लोक आता हसतही नव्हते. कुणीतरी थुंकलं. मेल म्हणाला, "याला बघून तोंडाची चवच गेली."

आणि मग टणत्कार झाला. चेंडू जमिनीवरून उसळत उजवीकडे आला. आमचा पहिल्या बेसवरचा गडी बेस सोडून धावला. हॅस्लम आपल्या जागी उभा. बघत होता.

मी लेनकडे पाहिलं. तो पुड्यात शेंग शोधत होता.

मी कधी उठले ते मला कळलं नाही.

"पहिल्यावर पळ!" माझा आवाज फाटला. "आळश्या! गाढवा! पहिल्यावर!"

हॅस्लम पळाला. मुकाट, डोकं खाली घालून, जीव खाऊन पळाला. चेंडू आणि तो एकदमच पोचले आणि बॅटर पाऊलभर मागे राहिला. बाद! लोक उठून ओरडायला लागले. हॅस्लमने आमच्या कोपऱ्याकडे बघून टोपीला हात लावला. जसं काही याने मोठा पराक्रमच केला होता. मला त्याची तेवढीच शिसारी आली.

"वा गं जेनी!" मेल मागून ओरडला. "लेन, ऐकलंस का? तुझी आरोळी चोरली हिने!"

लेन माझ्याकडे बघत होता. चेहरा खुलला होता. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्याने माझ्यासाठी टोपी काढली.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला खेळ कळतो हं."

मेलचा हात माझ्या पाठीवर थाप मारायला आला होता. तो तसाच मागे गेला. त्याच्याकडे बघायची मला गरज नव्हती. पुढचा बॅटर आला, हॅस्लमने पहिलाच चेंडू मातीत घातला आणि सगळं मैदान त्याच्यावर खेकसलं. मागच्या रांगेतून मात्र आवाज आला नाही.

मी अजून उभीच होते. लेनने त्याच्या खिशातून माझ्या बाकावर सांडलेली टरफलं हाताने झाडली आणि पुडा माझ्यापुढे धरला.

"बसा ना," तो म्हणाला. "जागा माझ्या बायकोची आहे. पण ती काही म्हणायची नाही."

मी एक शेंग घेतली आणि बसले.