पाहुण्यांना पगार विचारायचा कसा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एका घरात चला. शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावातलं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. १९८२ सालचा डिसेंबर. खाली पार्किंगमध्ये लोटलेल्या बर्फाचे मळकट ढीग. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि जेवणाच्या टेबलाशी बसला आहात. शेजारी आई, समोर बाबा आणि बाबांच्या बाजूला एक पाहुणे. पाहुणे पुरीचा तुकडा मोडतात आणि म्हणतात, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे हं." आई हसते. बाबा पाण्याचा ग्लास नुसताच फिरवत राहतात.

या पाहुण्यांनी दिवाळीपासून तुमच्या आईचा पगार दिलेला नाही. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे आणि कोणीही त्याबद्दल बोलत नाही.

तुम्ही काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. त्या टेबलाशी खरोखर बसलेल्या दहा वर्षांच्या सुलेखालाही ते लगेच सुचलं नव्हतं.

पाहुण्यांचं नाव कुमार. सुलेखाचे कुमारकाका. त्यांचं भारतीय किराण्याचं दुकान होतं. डाळी, पापड, लोणची आणि एका भिंतीला हिंदी सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट. सुलेखाची आई, प्रतिमा, तिथे कामाला होती. मसाले भरायचे, गल्ला सांभाळायचा, शनिवारी मागच्या खोलीत बटाटेवडे तळायचे. बाबांचा, म्हणजे श्रीरंगचा, कारखाना उन्हाळ्यातच बंद पडला होता. त्यामुळे घर चालत होतं ते आईच्या पगारावर.

नोकरी ठरली तेव्हा काही लिहून घेतलं नव्हतं. कसं घेणार? हे कुटुंब अमेरिकेत उतरलं तेव्हा विमानतळावर घ्यायला कुमारकाकाच आले होते. पहिल्या हिवाळ्याचे कोटही त्यांनीच दिले होते. अशा माणसाकडे कोण कागद मागतं? दर दुसऱ्या शुक्रवारी ते चेक देत. मग एका शुक्रवारी म्हणाले, "पुढच्या वेळी एकदम देतो." पुढच्या वेळी म्हणाले, "वहिनी, माझ्या लक्षात आहे सगळं." त्यानंतर तेही म्हणेनासे झाले. जेवायला मात्र येत राहिले.

त्या रविवारी ते गेल्यावर सुलेखाने विचारलं, "आई, तू काकांना विचारत का नाहीस?"

"दुकानात गिऱ्हाइकं असतात गं. चारचौघांत कसं विचारायचं?"

"मग घरी विचार."

"घरी ते पाहुणे असतात."

सुलेखा विचारात पडली. "मग विचारायचं कुठे? पार्किंग लॉटमध्ये?"

बाबांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. "सुलू, त्यांनी माझ्या जॉबसाठी कुणाकडे तरी शब्द टाकलाय. आत्ता काही बोलायचं नाही. ओके?"

जानेवारीत अपार्टमेंटच्या मॅनेजरने दाराला नोटीस लावली. महिनाअखेरपर्यंत भाडं भरलं नाही तर घर सोडावं लागणार होतं. आईने ती पटकन काढून घेतली, पण सुलेखाने वाचली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या लायब्ररीत गेली. तिथल्या मिसेस नोव्हाक कुठल्याही प्रश्नाला हसत नसत, म्हणून मुलं त्यांना काहीही विचारायची.

"एखाद्याने काम करून घेतलं आणि पगार दिला नाही, तर काय करायचं?" सुलेखाने विचारलं. "लिहून काहीच घेतलेलं नसलं तर?"

मिसेस नोव्हाक यांनी 'कोणाबद्दल?' असं विचारलं नाही. त्यांनी जाडजूड डिरेक्टरी काढली, दोन ठिकाणी फोन केले आणि मग तिला समजावून सांगितलं. काम केलं असेल तर पगार मिळायलाच हवा, लिहिलेलं असो वा नसो. आधी मालकाला स्पष्ट विचारायचं, कुठल्या दिवसापर्यंत देणार ते. तरी दिला नाही तर राज्य सरकारच्या लेबर ऑफिसात तक्रार करायची. तिथे फी पडत नाही, वकील लागत नाही. कोणकोणत्या दिवशी काम केलं ते मात्र आठवून सांगावं लागतं. "पण तक्रार ज्याची त्याने करायची," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाने." आणि त्यांनी ऑफिसचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

घरी येऊन सुलेखाने हे सगळं सांगितलं. आईने गॅस बारीक केला.

"मला जमायचं नाही," ती म्हणाली.

"प्रॅक्टिस करू. मी कुमारकाका." सुलेखाने बाबांचा कोट चढवला आणि बाहेर जाऊन दार वाजवलं. "काय वहिनी, बरं आहे ना?"

"या ना भावजी, बसा. चहा टाकू?"

"आई!"

"अगं, आलेल्या माणसाला चहा नको विचारायला?"

दुसऱ्या खेपेला आईने चहा विचारला नाही, पण काकूंची तब्येत विचारली. तिसऱ्या खेपेला तिने 'भावजी, माझा पगार' एवढं म्हटलं आणि ती खाली बसली. सुलेखा कोट सावरत तिच्याजवळ गेली. आई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा दारात उभे राहून बघत होते. 

रविवारी कुमारकाका आले. जेवण झालं, बडीशेप झाली. आईने पदराला हात पुसले आणि ती म्हणाली, "भावजी, माझा पगार राहिलाय. घराचं भाडं भरायचंय."

काकांनी बडीशेपेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हीसुद्धा? मी तुम्हाला घरचं समजत होतो."

"घरचीच आहे मी. पण..."

"धंदा मंदा आहे, दिसतंय ना तुम्हाला? आणि श्रीरंगसाठी मी लोकांचे पाय धरतोय, ते कुठे गेलं? फोन करून सांगू का त्यांना, नको म्हणून?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलाकडे बघत होते. आई उठून बशा गोळा करायला लागली.

निघताना काकांनी नेहमीप्रमाणे खिशातून पाच डॉलरची नोट काढली. "घे सुलेखा. खाऊला."

दर वेळी ती नोट घेऊन सुलेखा वाकून नमस्कार करायची. आज तिने हात पाठीमागे नेले.

"खाऊ नको, काका. आईचा पगार द्या. शुक्रवारपर्यंत. नाही दिलात तर आम्ही लेबर ऑफिसला कंप्लेंट करणार."

 काकांच्या हातात नोट तशीच राहिली.

"श्रीरंग, हे तू शिकवलंस हिला?"

"नाही," बाबा म्हणाले. मग मान वर करून, "पण ती चुकीचं बोलत नाहीये, कुमार."

"वा. वहिनी, उद्यापासून दुकानात यायची तसदी घेऊ नका." काकांनी बूट घातले आणि ते गेले. जिन्यावरून उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की शुक्रवारी चेक आला असेल. नाही आला. बाबांच्या नोकरीबद्दलही कोणाचा फोन आला नाही. ओळखीच्या मराठी मंडळींतल्या कांचनमावशीकडे हळदीकुंकू होतं, त्याचंही बोलावणं आलं नाही. आईनेच फोन केला तेव्हा कांचनमावशी म्हणाली, "प्रतिमा, ज्यांनी इतकं केलं, त्यांच्याशी असं वागतात का?" आईने फोन ठेवला.

सुलेखा त्या रात्री आईच्या कुशीत शिरली. "माझ्यामुळे झालं का सगळं?"

"नाही गं. पगार त्यांनी थांबवला, तू नाही." आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "मीच थोडी उशिरा बोलले."

सोमवारी सुलेखा शाळेतून आली तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी उभी होती. ओट्यावर चिठ्ठी पडलेली होती. बाबा काम शोधायला बाहेर गेले होते. आईने कोणकोणत्या दिवशी काम केलं ते दुपारभर आठवून काढलं होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. पण तिने रिसीव्हर उचलला नव्हता.

"तूच बोल," ती म्हणाली. "माझं इंग्लिश ऐकून हसतील. तुझं कसं, इथल्यासारखंच आहे."

सुलेखाला ते सहज जमलं असतं. दुकानात वाद झाला किंवा डॉक्टरकडे फोन करायचा असला, तर आईबाबांच्या वतीने नेहमी तीच इंग्लिशमध्ये बोलायची; हे काही त्यापेक्षा अवघड नव्हतं. घड्याळात चार वाजून गेले होते आणि ऑफिस पाचला बंद होणार होतं.

तिने दप्तर खाली ठेवलं. खुर्ची ओढून ती फोनखाली आणली, वर चढली आणि चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. पलीकडे एका बाईने फोन उचलला.

"एक मिनिट थांबा," सुलेखा इंग्लिशमध्ये म्हणाली. "माझ्या आईला तुमच्याशी बोलायचंय."

तिने रिसीव्हर आईच्या हातात दिला, खुर्चीवरून उतरली आणि आईला बसायला ती खुर्ची पुढे सरकवली.