ओल्या लाकडाचा वास

मित्रांनो, जे जळतं ते मला वासावरून ओळखता येतं. मी अकोल्याजवळच्या एका सरकी तेलाच्या मिलमधला जुना बॉयलर आहे. खाली भट्टी, वर पाणी आणि डोक्यावर बाळापूरच्या रस्त्यावरूनही दिसेल असं उंच धुराडं. माझ्या वाफेवर सरकी शिजते, मग तिचं तेल निघतं.

मला ट्रकवरून इथे उतरवलं तेव्हा माझा पत्रा आरशासारखा होता. मालक खुशालरावांनी नारळ फोडला, मला हार घातला. मी पेटलो तसा तो हार वाळून खाली गळला. त्यानंतर वर्षानुवर्षं मी कोळसा खाल्ला. माझ्यावाचून मिल एक दिवस चालत नव्हती, म्हणून सगळे माझं कौतुक करायचे. धूर मात्र मागच्या क्वार्टर्सवर उतरायचा. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची आणि लोक ते झटकून तसेच अंगात घालायचे.

त्या क्वार्टर्समध्ये आचल राहायला आली. अमरावतीच्या राजापेठेत वाढलेली, इंजिनिअर झालेली. मिलच्या धुराचं आणि सांडपाण्याचं काम तिच्याकडे होतं. तिची लेक दीड वर्षाची. पहिल्याच हिवाळ्यात त्या लेकराची छाती वाजू लागली. आचल कामातून मध्येच उठून घरी जायची, लेकीच्या पाठीला कान लावायची आणि परत यायची. परत आली की आधी माझ्या धुराड्याकडे बघायची. त्या बघण्याची मला भीती वाटायची.

मालकांच्या मागे लागून तिनेच कोळसा बंद करवला. त्याच्या जागी पांढरा कोळसा आला, म्हणजे कपाशीची वाळलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या आणि सोयाबीनचं कुटार, असा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या. पऱ्हाटी वाढताना हवेतून जो कार्बन घेते तोच जळताना परत देते, आणि पुढच्या साली शेतात नवी पऱ्हाटी उभी राहते, असं ती सगळ्यांना समजावून सांगायची. धूर विरळ झाला. लेकराची छाती शांत झाली. खुशालरावांना मग हुरूप आला. त्यांनी कुंपणाशी कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या सरळ रांगा लावून त्याला जैवविविधता उद्यान म्हटलं. त्यावर एकही पाखरू बसलं नाही. फाटकासाठी 'कार्बन न्यूट्रल कारखाना' अशी हिरवी पाटी रंगवून घेतली. ती लावायची परवानगी देणारे तपासणीवाले तेवढे येऊन जायचे होते.

यंदा मिल पावसाळ्यातही चालू राहिली. पऱ्हाटी उन्हाळ्यातच संपली होती. तरी जळण पुरवणाऱ्या ठेकेदार देवमनचा ट्रॅक्टर येतच होता.

एका दुपारी माझं दार उघडलं आणि आत ओंडका पडला. तो पेटेना. त्याच्या कापल्या टोकांतून पाणी उकळून बाहेर येऊ लागलं, सूं सूं आवाज करत. मग वास सुटला. लाकडाचा नव्हे, मासळीचा.

माझी भट्टी सांभाळणारे सत्तारभाई दुसरा ओंडका हातात घेऊन थबकले. साल पांढरीफटक होती.

"देवमन, याले चुना मारून आणला का रे? लगीन हाय का याचं?"

"तुमाले जाळाशी मतलब. जळते ना?"

"जळत कुठी? रडून राहिलं."

धूर दाटलेला पाहून आचल धावत आली. तिने ढिगातली एक फांदी उचलली. बेचक्यात अंड्याचं फिकट निळं कवच चिकटलेलं होतं.

"देवमनभाऊ, ही मागच्या नाल्यावरची हिवराची झाडं आहेत. बगळ्यांची घरटी होती त्यावर. हा पांढरा थर त्यांच्या शिटेचा आहे."

"नाला कोनाच्या बापाचा थोडी हाय, मॅडम."

"पिल्लं होती."

"होती. खाली पडली, कुत्र्यायनं नेली. आता मी काय करू?"

सत्तारभाईंनी हातातला ओंडका हळूच खाली ठेवला. तेवढ्यात खुशालराव आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आचल, लाकूडबी झाडाचंच असते. तपासणीत चालते ते. मी विचारून ठेवलं."

"चालत असेल, साहेब. पण पऱ्हाटी सालभरात पुन्हा येते. हा हिवर माझ्या बाबांच्या वयाचा होता. तुमचा अर्धा दिवससुद्धा त्यानं निघणार नाही."

"मग कोळसा लावू का? सांग तूच. धूर तुयाच घरावर जाते."

आचल क्वार्टर्सकडे वळली. तिच्या दाराशी लेकीचं लाल झबलं वाळत होतं.

"कोळसाही नाही," ती म्हणाली. "भट्टी विझवा. गावोगाव गेल्या सालचं कुटार पडून असतं, मी शोधून आणते."

"अन् तपासणीवाल्याले काय दाखवू? थंडा बॉयलर?"

"हे लाकूड मी त्यांना दाखवणार आहे, घरट्यांची उभी झाडं तोडली हेही सांगणार आहे. तुम्ही हलवलंत तर जिथून तोडलं ती जागा दाखवीन."

"म्हंजे पाटी गेली."

"गेली."

"आठ दिवस देतो," खुशालराव म्हणाले. "मंग जे भेटन ते जाळीन."

सत्तारभाईंनी माझी आग ओढून बाहेर काढली. मित्रांनो, चालू असताना दारापाशी बोललेलं तेवढं मला ऐकू येतं. थंड झालो तेव्हा पहिल्यांदा लांबचं ऐकू आलं. नाल्याकडून करवतीचा आवाज येत होता. मी विझलो की ती थांबेल असं मला वाटलं होतं. ती थांबली नाही. या औद्योगिक वसाहतीत माझ्यासारखी पोटं पुष्कळ आहेत, आणि देवमनचा ट्रॅक्टर आता आमच्या फाटकाशी न थांबता पुढे जातो.

आचल रोज कुटार शोधायला हिवरखेडच्या बाजूला जाते. काल आणलेलं भिजलेलं निघालं. सत्तारभाईंनी ते मुठीत पिळून पाहिलं आणि हात पुसले. मुदत संपत आली आहे. फाटकाबाहेर ताडपत्री घातलेला एक ट्रक सकाळपासून उभा आहे, आणि त्याच्या खाली काळी भुकटी सांडली आहे.

तुमच्या गावात अशी हिरवी पाटी दिसली तर तिथेच थांबू नका. मागच्या बाजूला जा. काय रचून ठेवलं आहे ते हात लावून बघा, आणि ओलं लागलं तर ते कुठून आणलं म्हणून विचारा. मोठी माणसं चिडली तरी विचारा. मला नाही म्हणता येत नाही. दार उघडलं की आत जे पडेल ते मी जाळतो, आणि मला जाळता आलं नाही असं आजवर काही निघालेलं नाही.