लाल स्टिकरच्या माशा

वहिनी प्रयोगशाळेत माशांना व्यायाम करवत. पिकल्या फळांवर घोंघावतात त्या बारक्या माशा काचेच्या नळीत कोंडायच्या आणि नळी टेबलावर आपटायची. माशा तळाला पडत, पुन्हा वर चढत. त्या दमून बसेपर्यंत हेच. अर्ध्या माशांना नुसतं साखरपाणी. लाल स्टिकरच्या नळ्यांना त्यातच कंपनीची ताकदीची पूड. पुडीनं माशांचा दम वाढला की वहिनींची तात्पुरती नोकरी कायम करू, असं साहेबांनी तोंड भरून सांगितलं होतं.

आणि दम वाढतच होता! साध्या माशा दुपारीच हातपाय गाळत. लाल स्टिकरच्या संध्याकाळपर्यंत चढत.

थोरली नणंद शेजारच्याच टेबलावर कामाला होती, आणि तीही कायम. ती म्हणाली, "वहिनी, लाल नळी आपटताना तुझा हात भारी लाडात येतो गं. साधी मात्र जावेच्या नावानं आपटतेस."

"काहीतरीच वन्सं! मी कधी दुजाभाव करते?"

"घरी वाढतानाही तुला असंच वाटतं."

वहिनींना ते झोंबलं. "झाकून टाका स्टिकर. होऊन जाऊ दे!"

नणंदेनं एकूण एक नळीला कागद डकवला. कुठली नळी कुठली, काही कळेना. वहिनी दिवसभर आपटत राहिल्या. संध्याकाळी पाहतात तो पूडवाल्या आणि बिनपूडवाल्या, सगळ्या एकदमच आडव्या.

"म्हणजे दम पुडीत नव्हता," वहिनी खुर्चीत टेकल्या, "माझ्या हातात होता."

"मी नाही हो कुणाला बोलायची," नणंद म्हणाली. "घरातली गोष्ट."

दुसऱ्या दिवशी साहेब कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन आले. कागद निघाले होते. वहिनींनी लाल नळी उचलली. मऊ आपटावी, तर ती लबाडी. म्हणून त्यांनी अशी दणकन आपटली की एकही माशी जागची हलेना.

पाहुण्यांना चहाला पिटाळून साहेब गुरगुरले, "हे काय? कालपरवापर्यंत तर उड्या मारत होत्या!"

"तेव्हा आपण लाड करतोय हे हाताला माहीत नव्हतं, साहेब." वहिनींनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी हनुवटी खाजवली. "बरं. मग हाताला हे विसरायला किती दिवस लागतील?"

"हात विसरेलही एखाद वेळेस," वहिनी पांढरा कोट उतरवत म्हणाल्या, "पण आमच्या वन्सं नाही विसरायच्या."