निळ्या पिळाची काठी

लॉरेन प्रांतातल्या त्या काच कारखान्याचं संग्रहालय उघडायला तासभर होता. उद्घाटनात बोलायला बोलावलेली जुनी कामगार युगेत एका कपाटासमोर थांबली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत तिच्या बापाची काठी होती, काचेची, मुठीपासून टोकापर्यंत निळा पीळ घातलेली. खाली चिठ्ठी: 'बूझीये. कारागीर अज्ञात.'

अज्ञात म्हणे. फिर्मां कोलनो बावीस वर्षं इथल्या भट्टीवर काच फुंकत होता. जेवणाच्या सुट्टीत, काच वितळवायच्या कुंडीच्या तळाशी उरलेल्या काचेतून प्रत्येकजण घरासाठी काहीतरी करायचा आणि काचकामगारांच्या संत लॉरेंच्या मिरवणुकीत मिरवायचा. मुकादम पाठ फिरवून उभा राहायचा. मग नवा मुकादम आला. त्याने फाटकावर काठी पकडली, फिर्मांची नोकरी गेली आणि काठी कारखान्यातच राहिली.

"युगेतबाई, आलात का," तरुण मालक लगबगीने आला. "पाहुण्यांना त्या 'बूझीये' शब्दाची गंमत सांगा बरं का. लोकांना आवडतं असलं."

"सांगते ना," ती म्हणाली.

नगराध्यक्ष आले, वर्तमानपत्रवाले आले. युगेत कपाटापाशी उभी राहिली.

"बूझ म्हणजे शेण. आमचे पणजोबा शेणामातीने भिंती लिंपायचे, तिथून हा शब्द आला. मग शहाण्यांनी गचाळ कामाला तोच लावला. वस्तूची वाट लावली तरी तोच, माणूस मारला तरी तोच. आणि मालकाचं काम उरकून आम्ही स्वतःसाठी जे फुंकायचो, त्यालाही तोच."

"वा," मालक हसला. "कारागिराचं नाव मात्र सापडलं नाही हो. सगळं दप्तर पालथं घातलं."

"पकडले जाऊ या भीतीने त्यावर कोण सही करणार? पण नाव तुमच्याच घराण्याने लिहून दिलंय."

तिने पर्समधून बाबांच्या मागे जपून ठेवलेला, घडी पडलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "'फिर्मां कोलनो. कारखान्याची काच चोरून स्वतः बनवलेल्या, निळ्या पिळाच्या काठीसह फाटकावर पकडला गेला. आजपासून कामावरून काढण्यात येत आहे.' खाली तुमच्या आजोबांची सही आहे."

मालकाचं हसू मावळलं. "बाई, आपण हे नंतर आत बसून बोलू."

"माझे बाबा मरेपर्यंत कॅफेत लोकांचे ग्लास धूत होते. कपाट उघडा."

सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने किल्ली काढली.

युगेतने 'अज्ञात'ची चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि काठीखाली ते पत्र ठेवलं, आजोबांची सही नीट दिसेल असं.